पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा दारातच: लॉगिन लूपचा इतिहास

(शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा इतिहासाचा विषय नव्हेच, हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचा विषय आहे. आमचं म्हणणं असं, की हा बिघाड इतिहासाशिवाय कळतच नाही. आणि कळला नाही, की माणूस चांगलं चालणारं यंत्र भंगारात देतो.

आधी घटना काय ते नीट पाहू. जुन्या कॉम्प्युटरवर नवीन लिनक्स टाकलं. इन्स्टॉल सुरळीत पार पडलं, यंत्र पुन्हा सुरू झालं, पडद्यावर आपलं नाव आलं, आपण पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तेच नाव, तीच पासवर्डची रिकामी चौकट. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. आता मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहा. यंत्र लगेच सांगतं, की चुकला. म्हणजे त्याला बरोबर आणि चूक यांतला फरक कळतो. चुकलं की बोलतं, आणि बरोबर असलं की काही न बोलता परत उंबऱ्याशी आणून सोडतं. याला लॉगिन लूप म्हणतात.

हे आत्ताच का बोलायचं? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. गावोगावी अशी यंत्रं पडून आहेत, की ज्यांचं हार्डवेअर ठणठणीत आहे पण विंडोज ११ त्यांना घेत नाही. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज, पोराची ऑनलाइन परीक्षा, एवढ्या कामाला ते यंत्र पुरेसं आहे. त्यावर लिनक्स टाकणं हा सरळ उपाय. पण ज्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी हा लूप येतो, तो म्हणतो, 'लिनक्स आपल्या कामाचं नाही.' मग कुणाकडून तरी परवाना नसलेलं विंडोज आणून टाकतो, किंवा यंत्र माळ्यावर जातं. अर्ज भरायची तारीख तेवढ्यात निघून गेलेली असते.

तर हा लूप आला कुठून?

आमचं उत्तर थोडं उलटं वाटेल. लूप हा मुळात बिघाड नाहीच. बिघाड दुसराच काहीतरी असतो. लूप ही पन्नास वर्षांहून जुनी सोय आहे, आणि ती चोख काम करत असते. एका माणसाचं काम संपलं, की पुढच्यासाठी दार पुन्हा तयार ठेवायचं, ही ती सोय. यंत्राला एवढंच समजतं, की आत गेलेलं माणूस बाहेर आलं. ते आठ तास काम करून बाहेर आलं, की अर्ध्या सेकंदात ठेच लागून, याची चौकशी ते करत नाही.

ही सोय कशासाठी झाली, ते सांगायला या गावाइतकं चांगलं ठिकाण नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देऊळ एक, आणि त्यावर श्रद्धा असणारे पंथ दोन, दिगंबर आणि श्वेतांबर. १९०५ मध्ये दोन्ही बाजूंनी पूजेचं वेळापत्रक ठरवलं. वस्तू एक, हक्कदार दोन, म्हणून वेळ वाटून घेतली. पुढे वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तिथे १९२९ मध्ये निकाल लागला. ती कथा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि त्यात कोणाची बाजू घेण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. वस्तू वाटून वापरायची म्हटली, की 'आता कोणाची पाळी' हा प्रश्न दारातच सोडवावा लागतो.

अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली नेमका हाच प्रश्न उभा होता. एक प्रचंड महाग कॉम्प्युटर आणि तो वापरू पाहणारी अनेक माणसं. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था उभी केली. यंत्राचा वेळ बारीक बारीक तुकड्यांत वाटून द्यायचा, म्हणजे प्रत्येकाला वाटेल की यंत्र माझंच आहे. मग कोणाच्या फाइली कोणत्या, कोणाचा वेळ किती खर्च झाला, हे कळायला हवं. त्यासाठी आत येताना नाव सांगायचं आणि पासवर्ड द्यायचा. लॉगिनचा जन्म हा असा वाटणीतून झाला. चोरांची भीती तेव्हा दुय्यम होती. १९६६ मध्ये तर तिथे एक गंमतच झाली. दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसली!

पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला सुरुवात केली. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच तीन छोटे प्रोग्राम सापडतात: इनिट, गेटी आणि लॉगिन. आपल्या लूपची कुंडली या तिघांत आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

इनिट हा सगळ्यांचा बाप. यंत्र सुरू झालं की तो पहिला उठतो. प्रत्येक टर्मिनलच्या तारेवर तो एक गेटी बसवतो. गेटी म्हणजे देवडीवरचा माणूस, तो विचारतो 'कोण?'. नाव सांगितलं की तो आपली जागा लॉगिनला देतो. लॉगिन पासवर्ड तपासतो आणि बरोबर असला की आपली जागा शेलला देतो, म्हणजे ज्यात आपण प्रत्यक्ष काम करतो त्या प्रोग्रामला. काम संपवून आपण शेल बंद केला, की इनिटला कळतं, आपलं लेकरू गेलं. तो लगेच त्या तारेवर नवा गेटी बसवतो. पुन्हा 'कोण?'. असं हे चक्र दिवसभर चालतं. लूप तेव्हापासून आहे. फक्त तेव्हा त्याला लूप न म्हणता 'पुढचा माणूस' म्हणत.

मग तेव्हा लोकांना त्रास का झाला नाही? दोन कारणं होती, आणि दोन्ही फार साधी आहेत.

पहिलं कारण कागद. तेव्हाचं टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, टाइपरायटरसारखं, कागदाच्या गुंडाळीवर छापणारं. शेल सुरू होताच मेला, तरी मरताना त्याने काढलेली ओळ कागदावर राहायची. पुढचा 'लॉगिन' शब्द तिच्या खाली छापला जायचा. वर नजर टाकली की कारण समोर. काचेच्या पडद्यावर आधीचं पुसून नवं काढतात, तिथे ही सोय गेली. दुसरं कारण माणूस. ज्या इमारतीत यंत्र, त्याच इमारतीत ते सांभाळणारा असायचा. हाक मारली की यायचा. वाशिम जिल्ह्यातल्या घरात जे यंत्र आहे त्याचा मालक, वापरणारा आणि सांभाळणारा एकच, आणि त्याला हे तिन्ही आपणच आहोत हे कोणी सांगितलेलं नसतं.

आता चित्रांच्या पडद्याकडे येऊ. एमआयटीतच १९८४ मध्ये बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स नावाची खिडक्यांची व्यवस्था सुरू केली. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तिला एक्स-११ म्हणतात, आणि ती आजही अनेक यंत्रांवर चालते. १९८८ मध्ये कीथ पॅकर्ड यांनी तिच्यासाठी एक्सडीएम लिहिलं. गेटी आणि लॉगिन जे काम अक्षरांच्या टर्मिनलवर करत होते, ते आता चित्राच्या पडद्यावर. आपण आज जी नावाची आणि पासवर्डची चौकट पाहतो, ती या एक्सडीएमची नात-पणती.

एक्सडीएममध्ये एक शहाणपण होतं, आणि ते आज फार थोड्यांना ठाऊक आहे. पासवर्ड टाकून एंटरऐवजी एफ-१ दाबलं, तर तुमच्या सगळ्या सजावटी बाजूला ठेवून फक्त एक साधी टर्मिनलची खिडकी उघडायची. म्हणजे करणाऱ्यांना माहीत होतं, की माणसाने स्वतःच्याच फाइलीत काही चुकीचं लिहिलं तर तो बाहेर अडकेल. त्याच्यासाठी मागचं दार ठेवलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९८९ च्या आवृत्तीत, आणखी एक गोष्ट आली. तिचं नाव 'मॅजिक कुकी'. एक्सच्या पडद्यावर कोणीही परका प्रोग्राम खिडकी उघडू नये, म्हणून लॉगिनच्या वेळी एक गुप्त आकडा तयार होतो आणि तो तुमच्या घरातल्या, म्हणजे होम फोल्डरमधल्या, एक्सऑथॉरिटी नावाच्या लपलेल्या फाइलीत लिहिला जातो. ज्याला ती फाइल वाचता येते, त्याला पडदा मिळतो. आता लक्षात घ्या. ती फाइल तुमच्या घरात असूनही तिची मालकी दुसऱ्याची झाली, तर पासवर्ड बरोबर, घर तुमचं, आणि तरीही पडदा तुम्हाला मिळत नाही.

हक्क कागदावर सिद्ध असणं आणि गाभाऱ्यात पाऊल पडणं यांत किती अंतर असतं, हे ज्या गावातलं देऊळ चार दशकं कुलुपात राहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ मध्ये उघडलं, त्या गावाला आम्ही काय समजावणार.

लिनक्सच्या आतही हे अंतर कोडमध्ये लिहून ठेवलेलं आहे. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी पॅम नावाची रचना मांडली, आणि लवकरच ती लिनक्सवर आली. तिच्यात पासवर्ड तपासणं हे एक काम, हे खातं आज चालू आहे का हे पाहणं दुसरं, आणि सत्र उभं करणं हे निराळंच. पहिल्या कामात पास झालात म्हणून शेवटच्यात व्हालच असं नाही. लॉगिन लूप म्हणजे पहिली परीक्षा पास आणि शेवटच्या परीक्षेत, किंवा तिच्याही पुढे डेस्कटॉप उभा राहताना, नापास. निकालपत्रक मात्र हातात देत नाहीत.

हातात देत नाहीत, असं आम्ही म्हणालो. एकेकाळी देत होते. नोम डेस्कटॉपचा जीडीएम नावाचा दरवाजा आहे. त्याच्या जुन्या, दुसऱ्या मालिकेतल्या आवृत्त्यांत अशी व्यवस्था होती, की सत्र दहा सेकंदांच्या आत संपलं तर एक चौकट यायची. तुमचं सत्र दहा सेकंदही टिकलं नाही, तुम्ही स्वतः बाहेर पडला नसाल तर कदाचित इन्स्टॉलमध्ये काही गडबड असेल किंवा डिस्कवर जागा संपली असेल, साधं सत्र निवडून पाहा, अशा अर्थाचा मजकूर. शिवाय चुकांची फाइल तिथेच उघडून पाहायची सोय. किती साधी गोष्ट, दहा सेकंद मोजायचे! २००८ च्या सुमारास जीडीएम नव्याने लिहिलं गेलं. नवं सुटसुटीत झालं, दिसायला देखणं झालं, आणि ही चौकट त्यात राहिली नाही. आमच्या मते लिनक्सच्या घरगुती वापराचं यात खरंखुरं नुकसान झालं. त्याची कुठे फारशी चर्चा झाली नाही, कारण ज्यांनी ते लिहिलं त्यांना लूप आला तरी काय करायचं ते ठाऊक होतं.

इनिटमध्येसुद्धा जुन्या काळी असा राखणदार होता. एखादा प्रोग्राम फार भराभर मरून पुन्हा उठायला लागला, की 'हा फार वेगाने उठतोय, पाच मिनिटं बंद' असा संदेश यायचा. पण आपल्या लूपमध्ये तो उपयोगी नाही. इथे दरवाजा मरत नाही, दरवाजा खणखणीत असतो. मरतं ते आतलं सत्र, आणि त्याच्या वेगाकडे कोणी पाहत नाही.

आता मराठीकडे.

डेस्कटॉपवर मराठी दिसावी म्हणून आपल्याकडे पुष्कळ काम झालं. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात मराठी भाषांतरं झाली, आणि नोम व केडीईसाठी अनेकांनी हौसेने शब्दन्‌शब्द मराठीत आणला. डेबियनने २००७ मध्ये चित्रांचा इन्स्टॉलर आणला आणि २००९ च्या लेनी आवृत्तीत त्यात मराठी आली. म्हणजे मंडळी, गेली कित्येक वर्षं पहिल्या पडद्यापासून मराठीत लिनक्स टाकता येतं.

पण चित्रांच्या इन्स्टॉलरची वाट का पाहावी लागली? कारण लिनक्सच्या मुळातला जो अक्षरांचा पडदा आहे, काळ्यावर पांढऱ्या ओळींचा, त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आणि अक्षरं जोडण्याची त्याला अक्कल नाही. इंग्रजीला ते भरपूर झालं. आपल्या 'क्ष्म्या'ला आणि 'र्‍ह'ला नाही. तिथे मराठी संदेश आला, की चौकोन आणि ठिपके दिसतात. आणि लूप सोडवायची खोली कोणती, तर नेमकी तीच! जोवर सगळं ठीक आहे तोवर यंत्र मराठीत बोलतं. अडचण आली की आपण चित्राच्या पडद्यावरून खाली त्या काळ्या पडद्यावर येतो, आणि मराठी तिथे संपते. नवख्याला भीती वाटते ती आज्ञांची कमी, आणि या अचानक बदललेल्या भाषेची जास्त, असं आमचं मत आहे.

(श्रोत्यांतून: मग लॉगिनच नको ना ठेवायला!)

तसंही झालेलं आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका छोट्या प्राथमिक शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले. त्यांच्या आत लिनक्सच होतं. पहिल्यांदा सुरू केल्यावर ते पासवर्ड विचारत नसत. तुझं नाव काय आणि तुला कोणता रंग आवडतो, एवढंच विचारत. यंत्र एकाच मुलाचं, वाटणी नाही, म्हणून दारही नाही. हिशोब बरोबर होता. घरात एकच कॉम्प्युटर आणि बापलेक, भाऊबहीण सगळे वापरणारे, तिथे मात्र दार लागतं.

आता प्रत्यक्ष यंत्रापुढे बसू. हे सारं लिनक्स मिंट, उबंटू, डेबियन यांना कमीअधिक लागू पडतं.

पासवर्डच्या चौकटीपाशी अडकला असाल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. लॅपटॉपवर कधी एफएनचं बटणही सोबत दाबावं लागतं. काळा पडदा येईल आणि 'लॉगिन' असा शब्द दिसेल. हा तोच १९७१ चा गेटी. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, त्याला घाबरू नका. इथे आत गेलात, तर अर्धी लढाई संपली: खातं आहे, पासवर्ड बरोबर आहे, दोष चित्राच्या बाजूला आहे. इथेही 'चुकला' म्हणाला, तर आधी कळफलक पाहा. इन्स्टॉलच्या वेळी मराठी इनस्क्रिप्ट निवडला असेल, तर आपण रोमन समजून दाबतोय आणि यंत्र देवनागरी समजून घेतंय असं होतं. तो लूप नव्हे, ते निराळं दुखणं. आत गेल्यावर संदेश चौकोनांत दिसले, तर लँग या चलाची किंमत मोठा सी एवढीच करून घ्या, म्हणजे यंत्र इंग्रजीत बोलेल पण निदान वाचता येईल.

मग पहिली गोष्ट, जागा. डीएफ ही आज्ञा डिस्क किती भरली ते दाखवते. विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकताना हात आखडून पंधरा-वीस जीबीच दिलेली असते, पहिल्या अपडेटमध्ये ती भरते. जागा शून्य असली की कुकी लिहिता येत नाही, सत्र उभं राहत नाही. अक्षरांच्या लॉगिनला फारसं काही लिहावं लागत नाही, म्हणून ते चालतं.

दुसरी गोष्ट, मालकी. आपल्या होम फोल्डरातल्या लपलेल्या फाइलींसकट यादी काढा, एलएसला एल आणि ए जोडून. प्रत्येक ओळीत मालकाचं नाव असतं. एक्सऑथॉरिटी या फाइलीपुढे तुमच्या नावाऐवजी रूट दिसलं, तर चोर सापडला. हे होतं कसं? सुडो नावाची आज्ञा आहे, १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात जन्मलेली. तिने क्षणभर मालकाचे अधिकार मिळतात. उबंटूत १९.१० च्या आधी सुडो वापरताना घर मात्र तुमचंच धरलं जायचं. म्हणजे अधिकार रूटचे आणि लिहिणं तुमच्या घरात. सुडो लावून चित्राचा प्रोग्राम चालवला, की मागे रूटच्या मालकीची फाइल उरायची. आणि लूपमध्ये अडकलेला माणूस घाईघाईत जे पहिलं करून पाहतो ते 'सुडो स्टार्टएक्स'. त्याने दुखणं वाढायचीच शक्यता जास्त. उपाय सोपा आहे. ती एक फाइल काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. किंवा सीएचओन या आज्ञेने होम फोल्डरची मालकी आपल्या नावे करून घ्या. हे मिंटमध्ये जास्त भेटतं, कारण मिंटचा दरवाजा लाइटडीएम आहे आणि तो कुकी होम फोल्डरातच ठेवतो. उबंटूचं आताचं जीडीएम ती दुसरीकडे ठेवतं.

मालकीचाच एक जुना वारसा सांगतो, कारण तो नव्या इन्स्टॉलमध्येच भेटतो. काही लोक आधीच्या लिनक्सचं होम विभाजन तसंच ठेवून वरून नवं लिनक्स टाकतात. शहाणपणाचंच आहे, फोटो वाचतात. पण युनिक्समध्ये मालक नावाने ओळखला जात नाही, क्रमांकाने ओळखला जातो. डेबियनच्या घराण्यात पहिल्या माणसाचा क्रमांक १००० असतो. रेड हॅटच्या घराण्यात तो ५०० असायचा. फेडोराने २०११ मध्ये सोळाव्या आवृत्तीपासून १००० केला. जुनं घर ५०० च्या नावावर आणि नवा माणूस १०००, मग नाव तेच असलं तरी घर परक्याचं. सातबाऱ्यावर नाव न चढवता शेत कसायला गेल्यासारखं.

तिसरी गोष्ट, स्वतः लिहिलेल्या ओळी. मराठी टाइप करायला आयबस बसवताना कुठेतरी वाचून प्रोफाइल नावाच्या लपलेल्या फाइलीत आपण दोन-तीन ओळी चिकटवतो. एखादं अवतरणचिन्ह उघडं राहिलं, तर अक्षरांचं लॉगिन नुसती कुरकुर करून पुढे जातं, पण चित्राचं सत्र तिथेच बसू शकतं. ती फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

चौथी, ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाचं कार्ड असलं, की संशय आधी तिकडे. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत सिक्युअर बूट आहे. बाहेरचा ड्रायव्हर घेऊन उबंटू टाकलं, तर इन्स्टॉलच्या वेळी तो एक वेगळा पासवर्ड ठरवायला लावतो, आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा दाखवून तो विचारतो. त्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडायचं असतं. घाईत 'कंटिन्यू' दाबलं, की ड्रायव्हर चढत नाही, आणि लूपला किंवा काळ्या पडद्याला आमंत्रण. तेव्हा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवावा, आणि या वेळी निळ्या पडद्याशी घाई करू नये.

यातलं काहीच जुळलं नाही, तर चौकटीच्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं. तिथे सत्र निवडता येतं. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये एक्सच्या जागी वेलँड सुरू केलं. उबंटूने ते २०१७ मध्ये घेतलं, पुढच्या वर्षी मागे घेतलं, २०२१ मध्ये पुन्हा आणलं. इतकी ओढाताण ज्या बदलाने झाली, तो जुन्या कार्डावर बिनसला तर नवल नाही. वेलँडवर लूप असेल तर एक्सऑर्ग निवडून पाहा. मात्र उबंटू २५.१० पासून नोमचं एक्सऑर्ग सत्र मिळत नाही, जुन्या यंत्राला आवृत्ती निवडताना हे ध्यानात ठेवा.

आणि निकालपत्रक? ते असतंच. एक्स असेल तर होम फोल्डरात एक्ससेशन-एरर्स या लपलेल्या फाइलीत, आणि आताच्या सिस्टिमडीच्या काळात जर्नलसीटीएल या आज्ञेत. तिला 'बी' जोडलं की या खेपेला सुरू झाल्यापासूनचं सगळं दिसतं. लूप ज्या मिनिटाला झाला त्या मिनिटाच्या ओळी पाहा, 'परमिशन डिनाइड' किंवा 'नो स्पेस' हे शब्द शोधा. टेलिटाइपचा कागद कुठे गेला असं विचाराल, तर तो इथे आला.

(प्रश्न: एवढं करण्यापेक्षा पुन्हा इन्स्टॉल केलं तर?)

करता येतं. पण कारण ड्रायव्हरचं असेल तर पुन्हा तोच ड्रायव्हर येईल. जुनं होम ठेवलं असेल तर पुन्हा तीच मालकी येईल. सगळं पुसून टाकलं तर बहुधा चालेल, आणि फोटो जातील. त्याआधी एफ-३ वरून आत जाऊन सुडो लावून एक नवं खातं उघडा, आणि चित्राच्या पडद्यावर त्या खात्याने जाऊन पाहा. ते आत गेलं, तर दोष तुमच्या होम फोल्डरात आहे, यंत्रात नाही, आणि पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. तेही परत दारात आलं, तर जागा किंवा ड्रायव्हर. पुसायचंच ठरलं, तर आधी त्याच काळ्या पडद्यावरून कागदपत्रं आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. पडदा येत नसला तरी फाइली जागच्या जागी असतात.